बिनधुराचं रान

लग्न होऊन उचगावहून सासरी आले, तेव्हा धुराचं मला काडीचंही भय नव्हतं. माझे वडील फाउंड्रीत कामाला. त्यांच्या शर्टाला, जेवणाच्या डब्याला, आमच्या उशांच्या अभ्र्यांनासुद्धा भट्टीचा वास असायचा. त्यामुळे बिद्रीच्या अंगाला असलेल्या या गावात पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या रानात पाला पेटला आणि घरातल्या सगळ्यांनी धावत जाऊन दारं-खिडक्या लावायला सुरुवात केली, तेव्हा मला हसूच आलं. एवढी रांगडी माणसं आणि धुराला भितात, असं मी मनातल्या मनात म्हणाले. ते हसू फार वेळ टिकलं नाही.

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. त्या अर्ध्यावरच उठल्या, कणकेचे हात तसेच घेऊन भिंतीला टेकल्या आणि त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, ओठांचा रंग पालटत चाललेला. हवा चारी बाजूंनी होती आणि त्यांना ती मिळत नव्हती. माणूस श्वासासाठी असा झगडताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. मी जागच्या जागी थिजले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांची पाठ चोळत होते. ते माझ्यावर खेकसले, "बघत काय हुबी ऱ्हायलीस? गरम पाणी आण की!" मी पाणी आणलं खरं, पण निम्मं वाटेतच सांडलं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, त्याला पाचट म्हणतात. त्याला काडी लावायची, हा आमच्याकडचा सरसकट रिवाज. रान लख्ख होतं, उंदीर-घुशी पळतात, सरीतून पाणी बिनअडथळा वाहतं. दिवाळीपासून होळीपर्यंत शिवारात कुणाचं ना कुणाचं रान पेटलेलंच असायचं. जळक्या पाल्याची काळी कात्रणं वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, दुधाच्या घागरीत येऊन पडायची. बाकीच्यांना तो नुसता वैताग होता. आत्तींना मात्र ते चार-पाच महिने कोंडून घेऊन काढावे लागायचे. डॉक्टरांनी दिलेला तोंडात मारायचा पंप कमरेला खोचून त्या घरात फिरायच्या. डॉक्टर म्हणाले होते, धुरापासून लांब ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी पंपाचाही उपयोग व्हायचा नाही. आता सांगा, उसाच्या गावात धुरापासून लांब म्हणजे नेमकं कुठे जायचं?

त्या हिवाळ्यातला तो झटका पार जिवावर बेतला होता. त्यानंतर मामंजींनी स्वतःच्या रानातला पाला पेटवणं बंद केलं. पाला सऱ्यांत दाबायचा, त्यावर गोबरगॅसच्या टाकीतून निघणारा शेणकाला पाण्याबरोबर सोडायचा, कुजू द्यायचं. पुढे त्यांनी युरिया घालणंही बंद केलं. गावाने टिंगल केली. "म्हातारा रानात गादी घालतोय, झोपायला," असं पारावर बोललं जायचं. मामंजी ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. ते सगळ्यांना दरडावून सांगायचे की जमीन जिवंत ठेवायची असेल तर हेच करावं लागेल. मी एकदा न राहवून विचारलं, "मामंजी, तुम्ही हे आत्तींसाठी करताय ना?"

"जमिनीसाठी करतोय," ते म्हणाले. "पाल्याखाली गांडूळं हुत्यात. तुला काय कळतंय त्यातलं?"

आत्ती पदराआड हसल्या. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमच्याकडे नवऱ्याने बायकोवरचं प्रेम असं तोंडाने बोलायची पद्धत नाही, आणि मामंजींची तर मुळीच नाही.

पण एकट्याने पेटवायचं थांबवून काय होणार? धुराला बांध कळत नाही. म्हणून मामंजी सगळ्या शेजाऱ्यांच्या मागे लागले. सकाळी उठून एकेकाच्या दारात जाऊन बसायचे. कुणाला शेणकाला फुकट दिला, कुणाच्या रानात स्वतः बैल घेऊन पाला दाबून दिला, कुणाशी नुसतं भांडले. वर्षं गेली यात. हळूहळू घराभोवतीची रानं एकेक करून धुरातून सुटली. सगळ्यात शेवटी कबूल झाले ते आमच्या बांधाला लागून असलेले अण्णा. त्यांचं रान सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांच्याकडचा वारा सरळ आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत यायचा. अण्णा तोंडाने फटकळ, आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. ते म्हणाले, "वैनींच्या तब्येतीकडं बघून थांबतोय. पण तुमचं ह्ये शास्त्र खोटं निघालं, तर काडीपेटी माझ्या खिशातच हाय, ध्यानात ठेवा."

त्यानंतरचे हिवाळे मला आठवतात ते अंगणातल्या आत्तींमुळे. थंडीत उन्हाला बसून त्या शेंगा फोडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या, भांडायच्या, गाणी म्हणायच्या. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. पंप कमरेऐवजी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेला.

मामंजींचं डोकं जरा चढलं होतं, खोटं कशाला बोलू! सेंद्रिय शेती बघायला म्हणून लांबून माणसं यायची. थेट मलकापूरहून टेम्पो भरून आली होती एकदा. मामंजी धोतराचा सोगा हातात धरून बांधावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "पावणं, माझ्या रानातनं हवेत काय बी जात न्हाय. धूर न्हाय, वास न्हाय, काय न्हाय. सगळं जमिनीत." माणसं माना डोलवायची. मी चहाचे कप गोळा करताना हेच वाक्य किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. मलाही ते खरंच वाटायचं. न वाटायला कारणच काय होतं?

मग कृषी महाविद्यालयातली एक मुलगी आली. दोन हजारनंतरचा काळ, सगळीकडे हवामान बदललं, उन्हाळा वाढला अशी बोलणी सुरू झाली होती. ही मुलगी त्यातलंच काहीतरी शिकत होती. किडकिडीत, चष्मा, पायात मोठमोठे बूट. तिने सांगितलं की शेतातून न दिसणारे वायू हवेत जातात, त्यांनी हवा तापते, आणि सेंद्रिय शेतातून ते कमी जातात की जास्त, कशामुळे कमी-जास्त होतात, हे तिला मोजायचं होतं.

"जास्त कुठनं जात्यात?" मामंजी म्हणाले. "मोजा की मॅडम. खुशाल मोजा."

घरात सायन्स शिकलेली म्हणजे मी एकटी, तेही बारावीपर्यंत. त्यामुळे तिच्या मदतीला मला दिलं. ती काचेसारख्या प्लॅस्टिकच्या पेट्या जमिनीवर उपड्या ठेवायची आणि थोड्या थोड्या वेळाने इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा ओढून बाटल्यांत भरायची. आमच्या रानाच्या वरच्या तुकड्यात पेट्या, खालच्या तुकड्यात पेट्या, आणि ताडून बघायला युरियावाल्या एका शेतकऱ्याच्या रानात पेट्या. आत्ती बांधावर येऊन बघत उभ्या राहायच्या. "अगं पोरी, रानाला बी दमा झालाय व्हय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ती मुलगी इतकी हसली की सिरिंज हातातून पडली. सगळा मोसमभर ती येत राहिली. आमच्या घरची झाली म्हणा ना.

निकाल सांगायला ती येणार, तर मामंजींनी काय करावं? सगळ्या शेजाऱ्यांना चहा-पोह्यांचं आवतण दिलं. रान पेटवायचं सोडलेली यच्चयावत माणसं बोलावली. त्यांना वाटलं, आज सरकारी शिक्क्यासारखा पुरावा मिळणार, आता कुणाची बोलायची टाप राहणार नाही. अण्णा तर सगळ्यांच्या पुढे, मामंजींच्या शेजारी पाट टाकून बसले.

ती आली आणि एवढी माणसं बघून दारातच अडखळली. "काका, जरा बाजूला बोलू का?" ती हळूच म्हणाली.

"बाजूला कशाला? हितंच बोला. सगळी आपलीच माणसं हायत."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून तिने सांगितलं की वरच्या तुकड्यात सगळं छान आहे, जमिनीत कर्ब वाढला आहे. पण खालच्या तुकड्यातून, जिथे पाणी साठून राहतं तिथून, मिथेन नावाचा वायू बाहेर पडतोय. खूप पडतोय. युरियावाल्या रानापेक्षा कितीतरी जास्त. शेणकाल्याच्या उघड्या खड्ड्यातूनही तोच. आणि हवा तापवण्यात हा वायू धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा फार जालीम आहे.

मामंजी हसायला लागले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. ती हसत नाही हे दिसल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुमच्या पेट्या गळत असतील. माझ्या रानातनं धूर न्हाय, वास न्हाय, आनि गॅस कसला? मी काय टाकी पुरलीया का तिथं?"

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मागे हटली नाही. "चला, दाखवते," म्हणाली. सगळी वरात खालच्या तुकड्यात गेली. ऊस कमरेएवढा होता. सरीत दोन दिवसांपूर्वीचं पाणी अजून डबडबलेलं, त्यात काळा पडलेला पाला आणि शेणकाला. तिने आमच्याच घरातली एक काचेची बाटली पाण्याने भरून सरीत उपडी धरली, तोंडाला नरसाळं लावलं आणि मला म्हणाली, "वहिनी, काठीने खालचा गाळ ढवळा." मी ढवळलं. बुडबुडे आले. मला वाटलं होतं एखाद-दुसरा येईल. पण भसाभसा आले, काठी टोचेन तिथून आले, आणि नरसाळ्यातून वर चढून त्यांनी बाटलीतलं पाणी खाली ढकललं. बाटली भरत आली तसं तिने अंगठ्याने तोंड बंद केलं, बाटली वर काढून सरळ केली आणि अण्णांकडे हात पसरला.

"तुमच्याकडे काडीपेटी असते ना?"

अण्णांनी काडी ओढून पुढे केली. तिने अंगठा काढला. भप्प असा आवाज झाला आणि बाटलीच्या तोंडाशी निळी ज्वाळ उभी राहिली.

मी किंचाळले. मला लाज वाटत नाही सांगायला. आमच्या घरच्या गोबरगॅसवर मी रोज हीच निळी ज्वाळ पेटवून भाकरी भाजत होते. ती टाकीतून यायची, नळीतून यायची, तिचं काही वाटत नव्हतं. पण आमच्या पाण्याखालच्या, पाल्याने झाकलेल्या, कैक वर्षांत काडी न लागलेल्या रानातून ती निघताना बघून माझ्या पायाखालची जमीन सरकली. मामंजी ज्या जमिनीबद्दल छाती पुढे काढून बोलायचे, ती जमीन इतकी वर्षं सगळ्यांच्या नाकासमोर हवेत हे सोडत होती, आणि आम्ही वर टाळ्या घेत होतो. मामंजी सरीत तसेच उभे होते. त्यांचे धोतराचे काठ भिजत होते आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

बोलले ते अण्णा. "आयला! मग आमी पेटवत हुतो तेच बरं की! निदान दिसत तरी हुतं."

एकजण हसला, मग बाकीचेही हसले. ती मुलगी जीव तोडून सांगत होती की पेटवणंही वाईटच आहे, धुरातूनही नको ते वायू जातात, वर जमिनीचा जीव जातो, दोष पाला न जाळण्याचा नाही, साठणाऱ्या पाण्याचा आणि कच्च्या शेणकाल्याचा आहे. कोण ऐकतंय? माणसांना जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. अण्णा जाता जाता म्हणाले, "औंदा तोड झाली की आमचा पाला आमी पेटवणार. राग मानू नका. शब्द दिला हुता त्यो शास्त्रावर दिला हुता."

मी वळून बघितलं तर आत्ती बांधावर. हातात चहाचा ट्रे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वायू, मिथेन यातलं त्यांना काही कळलं नसेल, पण अण्णांचं शेवटचं वाक्य बरोबर कळलं होतं. घरी येऊन त्यांनी कोनाड्यातला पंप काढला, हलवून बघितला आणि मला म्हणाल्या, "ह्यो संपलेला दिसतोय. कोल्लापूरला जाशील तवा नवा आण." मला रडू आवरेना.

मामंजी दोन दिवस धड जेवले नाहीत. मला त्या मुलीचा भयंकर राग आला होता, खरं सांगते. आमच्या घरात जेवून आमच्याच मुळावर उठली, असं वाटलं. पण ती स्वतःहून परत आली. मामंजींच्या पुढ्यात बसून म्हणाली, "काका, चूक तुमच्या शेतीची नाही. पाण्याची आहे. खालच्या तुकड्याला तुम्ही गरज नसताना पाणी देता."

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. नदीवरून पाणी उचलून आणणारी गावाची पाणी संस्था आहे. प्रत्येक तुकड्याची पाळी ठरलेली. पाळी आली की पाणी सोडणारा पाटकरी हाक मारतो आणि रानाला तहान असो वा नसो, माणूस पाणी घेतो. पुरं घेतो, सरी फुटेस्तोवर घेतो. कारण एकदा पाळी सोडली की ती दुसऱ्याच्या नावावर पक्की होते, परत मिळेल याचा भरवसा नाही. भाऊ भावाला जमीन देईल, पण पाळी देणार नाही. पाणी सोडणाऱ्याला गावात वेडाच म्हणतात. पाला जाळणाऱ्यांच्या रानात हे जादाचं पाणी वाहून तरी जायचं. आमच्या रानात ते पाल्याच्या गादीत अडकून बसायचं आणि गाळाखाली हवा न लागता सगळं सडायचं. एक सरी सोडून एका सरीला पाणी द्या, मधे जमिनीला उघडं पडू द्या, शेणकाला पुरता मुरवून मगच घाला, खड्डा झाका, वायू निम्म्याहून खाली येईल, असं ती म्हणाली. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला एवढंच विचारलं, "म्हंजी खालच्या तुकड्याला निम्मी पाळी पुरंल म्हणता?"

"आरामात," ती म्हणाली.

त्या महिन्यात पाणी संस्थेची बैठक होती. मला ती मुलगी म्हणाली, आपणही जाऊ. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. भारनियमनाने मोटारी बंद पडत होत्या, पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. त्या गोंधळात मामंजी उभे राहिले. "माझ्या खालच्या तुकड्याची निम्मी पाळी मी सोडतोय," ते म्हणाले. "ती अण्णाच्या नावावर करा."

पाटकऱ्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. माझा तर कानांवर विश्वास बसेना. अण्णांनी विचारलं, "का बरं? काय झालंय तुमास्नी?"

"बदल्यात तू तुझ्या पाल्याला काडी लावायची न्हाईस. ह्या वर्षी न्हाय, पुढच्या न्हाय, कवाच न्हाय. ज्या दिवशी लावशील त्या दिवशी पाणी माघारी. घे लिहून."

अण्णा उठले. पाणी मिळणार आणि ते फुकट! त्यांनी दहा माणसांदेखत मामंजींच्या हातात हात दिला. आजूबाजूचे बाकीचे शेतकरी बघत राहिले. अण्णाच कबूल झाले म्हटल्यावर त्यांच्यापाठी हुशारी करणारेही गप्प झाले. बाहेर पडल्यावर मी मामंजींच्या पाया पडले. रस्त्यात, सगळ्यांदेखत. मला वाटलं, केवढा मोठा माणूस आहे हा! एका फटक्यात रानाचा वायूही कमी केला आणि आत्तींची हवाही राखली. घरी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मात्र डोक्याला हात लावला. चालत आलेली पाळी बापाने दुसऱ्याच्या घशात घातली म्हणून हे बापाशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

तो हिवाळा बिनधुराचा गेला. अण्णांनी शब्द पाळला, पाला सऱ्यांत दाबला. आत्तींनी नवा पंप फोडलासुद्धा नाही. पुढच्या मोसमात ती मुलगी पेट्या घेऊन परत आली. आमच्या खालच्या तुकड्याचे आकडे आले, तेव्हा ती सोप्यात अक्षरशः नाचली. मिथेन कुठल्या कुठे खाली आला होता. ऊसही काही वाईट नव्हता, थोडा आखूड, पण भरलेला. मामंजींनी तिला पेढा भरवला. सगळं कसं छान जमून आलं होतं.

मग ती म्हणाली, "काका, आता अण्णांच्या रानात पेट्या लावू या. त्यांनीही पाला जाळणं सोडलंय, तेही मोजायला हवं."

"तिकडं न्हाय लावायच्या," मामंजी म्हणाले.

"का हो?"

"न्हाय म्हटलं ना! एकदा सांगितलेलं कळत न्हाय व्हय?"

ती एवढीशी झाली. मामंजी तिच्याशी कधी असं बोलले नव्हते. ती बिचारी दप्तर आवरून गेली. मला राहवेना. मी काठी घेतली आणि बांध ओलांडून अण्णांच्या रानात गेले. अण्णा घरी नव्हते. त्यांच्या सऱ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. स्वतःची पुरी पाळी, वर आमची निम्मी, मिळतंय ते सगळं घेतलेलं. खाली नवाकोरा पाला, मामंजींनीच फुकट दिलेला कच्चा शेणकाला. मी काठी खुपसली. बाटली, नरसाळं कशाचीच गरज नव्हती. सगळी सरी कढी उकळावी तशी बुडबुडायला लागली. आमच्या रानात कधी नव्हतं तेवढं. आम्ही काही कमी केलंच नव्हतं. आम्ही ते बांधापलीकडे सरकवलं होतं, आणि वाढवून सरकवलं होतं.

मी घरी आले ती तणतणतच. मामंजी अंगणात दोरखंड वळत बसले होते, आत्ती शेजारी तांदूळ निवडत होत्या. "मामंजी, अण्णांच्या रानात काय चाललंय तुम्हाला माहीत आहे?" मी ओरडले.

"हाय की."

"माहीत आहे?"

"मी काय आंधळा हाय? पाणी साठून काय करतंय ते त्या पोरीनं दाखवलं की मला."

मला वाटलं होतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल. म्हातारा माणूस, हिशोब चुकला असेल. पण त्या बैठकीत उभं राहून बोलतानाच त्यांना हे ठाऊक होतं. मी पाया पडले तेव्हाही ठाऊक होतं. "मग सांगा ना त्यांना," मी म्हणाले, "पाणी जरा कमी घ्या म्हणून."

"सांगतो की. मग अण्णा काय म्हणंल? पाणी बी नको, पाला बी नको. लावंल काडी. मग?" त्यांनी दोरखंडाला पीळ दिला. "त्यो गॅस सगळ्या दुनियेवर वाटून जातोय. धूर हिच्या एकटीवर येतोय."

आत्तींचे तांदळातले हात थांबले. त्यांनी मला विचारलं, "त्या गॅसनं कुनाला खोकला येतोय का गं?"

"नाही आत्ती. दिसतही नाही कुणाला."

"मग काय हुतंय?"

मी सांगितलं, मला येत होतं तेवढं. उन्हाळा वाढतो, पाऊस वेळेवर येत नाही, आला की नदी घरात शिरते. आज नाही, पण पुढे, आपण नसू तेव्हा, लोकांच्या पोराबाळांना भोगावं लागतं. आत्ती नीट ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या मामंजींकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझ्यापायी, व्हय?"

मामंजी दोरखंड वळत राहिले.

"लावू द्या त्यास्नी काडी," आत्ती म्हणाल्या. "माझं किती ऱ्हायलंय आता. मी दार लावून बसंन."

"गप बस," मामंजी म्हणाले. "श्वास घे."